सतरा रुपयांचं पेन, एकोणतीस रुपयांची वही

आधी संहिता.

नेहाने प्रत्येकी १७ रुपयांची काही पेने आणि प्रत्येकी २९ रुपयांच्या काही वह्या विकत घेतल्या. तिने किती पेने घेतली?
विधान १ : नेहाचे एकूण बिल २७१ रुपये झाले.
विधान २ : नेहाने पेने आणि वह्या मिळून ११ नग घेतले.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. दहावीच्या उत्तरपत्रिकेत ‘रसग्रहण करा’ म्हटलं की मुलं तीन मथळे पाडतात : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. ते मथळे तपासून तपासून माझा लाल रिफिलचा खर्च किती झाला असेल, हे सांगायला पुरेशी माहिती माझ्याकडे नाही. वरच्या ओळी मात्र कुठल्याही कवितेच्या पुस्तकातल्या नाहीत. माझी भाची राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेची तयारी करते, तिच्या सरावाच्या वहीत त्या होत्या. मी पेन्सिल घेतली, कोपऱ्यात दोन समीकरणं मांडली आणि आकडेमोडीला लागले. भाचीने वही ओढून घेतली.

“मावशी, सोडवायचं नाहीये. पुरेसं आहे का, एवढंच सांगायचंय.”

मला वाटलं, ही पोरगी कंटाळा करते आहे. मग तिने खालचे पर्याय दाखवले. त्यांत एकही आकडा नव्हता. पर्याय अ : फक्त विधान १ पुरेसे आहे, फक्त २ नाही. ब : फक्त २ पुरेसे आहे, फक्त १ नाही. क : दोन्ही एकत्र घेतल्यास पुरेशी आहेत, एकेकटी नाहीत. ड : दोहोंपैकी कोणतेही एक घेतले तरी पुरेसे. इ : दोन्ही एकत्र घेऊनही अपुरी.

म्हणजे ‘किती पेने’ हा प्रश्न विचारलाय खरा, पण उत्तर हवंय ते त्या प्रश्नाबद्दलच्या दुसऱ्याच एका प्रश्नाचं. अभिधा सोडून पुढे जायला शिकवण्यात माझी हयात गेली आणि इथे एका स्पर्धा परीक्षेच्या वहीत वाच्यार्थ नुसता दाखवायला ठेवला होता. त्या दिवसापासून हा रचनाप्रकार मी कविता वाचावी तसा वाचते आहे.

या प्रकाराला क्लासमधली मुलं ‘डेटा सफिशियन्सी’ म्हणतात, पुस्तकात ‘माहितीची पर्याप्तता’ असं भारदस्त नाव असतं. त्याचं सर्वांत नावाजलेलं घर म्हणजे व्यवस्थापन शिक्षणाच्या प्रवेशासाठी अमेरिकेत सुरू झालेली ‘जीमॅट’ परीक्षा. ती परीक्षा १९५४ सालची, ‘जीमॅट’ हे नाव तिला १९७६ मध्ये मिळालं. आपल्याकडे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत २०११ पासून आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्व परीक्षेत २०१३ पासून जो ‘सीसॅट’चा पेपर आला, त्याच्या अभ्यासक्रमात दहावीच्या पातळीचा म्हणून याचा उल्लेख आहे. बँकांच्या परीक्षांत तर हा नेहमीचाच पाहुणा. सुनीताला जशा चौदाच ओळी, तशी याची चौकट बांधलेली आहे : एक प्रश्न, दोन विधानं, आणि ‘जीमॅट’मध्ये तरी पाच पर्याय, तेही दर वेळी त्याच क्रमाने. २०२३ च्या अखेरीस ‘जीमॅट’चं नवं रूप आलं. त्यात हे प्रश्न गणिताच्या विभागातून उचलून माहितीचा अर्थ लावण्याच्या विभागात नेऊन ठेवले. त्या विभागात पडद्यावर कॅल्क्युलेटरही मिळतो. भाचीने हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. वरच्या प्रश्नाला कॅल्क्युलेटर देणं म्हणजे कवितेचा भाव कळावा म्हणून फूटपट्टी देणं.

आता आशय.

मराठीत एक विलक्षण शब्द आहे : पुरे. त्याचा अर्थ ‘पुरेसं आहे’ असाही होतो आणि ‘थांबा’ असाही. पंगतीत ताटावर हात आडवा धरून माणूस ‘पुरे’ म्हणतो तेव्हा तो पोटाची मोजणीही सांगतो आणि वाढप्याला थांबवतोही. या प्रश्नप्रकाराचा सगळा आशय त्या एका शब्दात आहे. पहिलं विधान वाढलं; पुरे का? नसेल तर ते ताटातून काढून दुसरं वाढलं, पुरे का? तरीही नसेल तर दोन्ही एकत्र. चूक दोन्हीकडून होते. भूक असताना संकोचाने हात आडवा धरणारे असतात, आणि पोट भरलेलं असताना आग्रहाला बळी पडणारे असतात. नेहाचा प्रश्न दुसऱ्या जातीच्या माणसांसाठी रचलेला आहे. मी त्याच जातीची निघाले.

कारण माझं पहिलं वाचन असं होतं : अज्ञात गोष्टी दोन, पेनांची संख्या आणि वह्यांची संख्या. दहावीच्या बीजगणिताचं पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणे, काय सांगतं? दोन चलांना दोन समीकरणं हवीत. पेनांना क्ष म्हणा, वह्यांना य म्हणा. पहिल्या विधानातून १७क्ष + २९य = २७१. दुसऱ्यातून क्ष + य = ११. दोन रेषा, एक छेदनबिंदू. एकेकटं विधान म्हणजे नुसती एक रेषा, तिच्यावर बिंदू अनंत. तेव्हा उत्तर क. मी ‘क’वर बोट ठेवलं तेव्हा भाचीच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते माझ्या ओळखीचं होतं. कवितेतला ‘तो’ म्हणजे प्रियकर असं मुलगा छातीठोकपणे सांगायचा आणि तो असायचा पाऊस, तेव्हा मीही असंच हसत असे.

पाठ्यपुस्तकाने त्याच प्रकरणात एक सुंदर शब्दही दिलेला आहे : निश्चयक. दोन समीकरणांतले चलांचे सहगुणक चौकोनात मांडायचे, तिरका गुणाकार करायचा, वजाबाकी करायची. क्रेमर या जिनिव्हाच्या गणितज्ञाने १७५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत याच्यापुढे आणखी दोन निश्चयक काढून भागाकार करायचा असतो. पर्याप्तता तपासणाऱ्याला पुढचं काही लागत नाही. त्याने पहिला निश्चयक शून्य नाही एवढं पाहिलं की उकल एकच आहे याचा निश्चय झाला. आपल्या प्रश्नात तो १७ वजा २९, म्हणजे उणे १२. शून्य नाही. निश्चय झाला.

पण कशाचा? दोन्ही विधानं मिळून पुरतात, याचा. एक विधान पुरत नाही, असं निश्चयकाने कुठे म्हटलंय? ते मी माझ्या पदरचं घातलं होतं. या प्रश्नाचं काव्यसौंदर्य त्या फटीत आहे.

पुन्हा वाचू. दुसरं विधान हाताने झाकून, फक्त पहिलं. बिल २७१ रुपये. रेषेवर बिंदू अनंत आहेत हे खरं, पण नेहा काही रेषेवर फिरत नाही, ती दुकानात उभी आहे. साडेतीन पेनं मागितली तर दुकानदार तिच्याकडे बघत राहील. तेव्हा रेषेवरचे बहुतेक सगळे बिंदू आपोआप गळून पडतात. उरतात ते जिथे पेनंही पूर्ण आहेत आणि वह्याही. असे किती?

भाची एकेक वही धरून पाहते. एक वही धरली तर उरतात २४२ रुपये. १७ ने भाग जात नाही. दोन धरल्या तर २१३, नाही. तीन, १८४, नाही. अशा नऊ वह्यांपर्यंत जाता येतं, पुढे बिलात जागाच नाही. या नऊ फेऱ्यांत १७ ने पूर्ण भाग एकदाच जातो. एकदाच! पहिलं विधान एकटंच पुरेसं आहे. उत्तर अ.

आणि दुसरं विधान? ते एकट्याने काहीच ठरवू शकत नाही; ११ नगांत एक पेन दहा वह्या असतील, दहा पेनं एक वही असेल. ते खोटं नाही, चुकीचं नाही, फक्त नको असलेलं आहे. ते पंगतीतला आग्रह करणारा वाढपी आहे. पहिल्या विधानाशी त्याची इतकी छान जोडी जमते की नको म्हणवत नाही. क्लासमधली मुलं याला ‘सी ट्रॅप’ म्हणतात. मी त्याला रचनाकाराने योजलेलं चुकीचं वाचन म्हणेन. चांगल्या कवितेतही असं एक वाचन कवीने मुद्दाम शिल्लक ठेवलेलं असतं. वाचक तिथून गेल्याशिवाय खऱ्या ठिकाणी पोहोचत नाही.

नऊ फेऱ्या करायला मला कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्यातून या रचनेची सर्वांत देखणी जागा सापडली. समजा नेहाच्या बिलाला दोन उत्तरं आहेत. म्हणजे तीच रक्कम ठेवून तिला काही पेनं परत करून बदल्यात काही वह्या घेता आल्या पाहिजेत, दुकानदाराने एक रुपयाही इकडे तिकडे न करता. १७ आणि २९ यांना १ सोडून कुठलाही सामाईक विभाजक नाही. त्यामुळे बरोबरीची सर्वांत लहान अदलाबदल म्हणजे २९ पेनं देऊन १७ वह्या घ्यायच्या. दोन्हींची किंमत ४९३ रुपये. आणि बिल किती? २७१. ज्या पिशवीत ४९३ रुपयांचा मालच नाही, तिच्यात ४९३ रुपयांची अदलाबदल कशी होणार? तेव्हा उत्तरं दोन असूच शकत नाहीत. शून्य असतील का? तेही नाही, कारण नेहा दुकानातून सामान घेऊन आलेली आहे, बिल झालेलं आहे. निदान एक उत्तर असणारच.

जास्तीत जास्त एक, आणि निदान एक. पुरे.

लक्षात आलं का काय झालं? पेनं किती हे न शोधता, एकही भागाकार न करता, प्रश्नाचं उत्तर हाती आलं. एखादी गोष्ट कळते की नाही हे ती गोष्ट न कळताच कळू शकतं, याचा असा निर्मळ अनुभव मला फार कमी ठिकाणी आला आहे. ‘बिल झाले’ या साध्या भूतकाळी क्रियापदात केवढं सामर्थ्य आहे, ते पाहा. त्या ‘झाले’ने उत्तराचं अस्तित्व सिद्ध केलं.

आता मी एक खोडी काढते. संहितेतला एकही शब्द बदलत नाही, फक्त तीन आकडे थोडे सरकवते. १७ चे २० करा, २९ चे ३०, आणि २७१ चे २७०. दुसरं विधान जसंच्या तसं, ११ नग. शाळेतली कुठलीही मुलगी म्हणेल, हा तोच प्रश्न आहे, उलट सोपा झाला. पण आता ३ पेनं देऊन २ वह्या घेता येतात, किंमत दोन्हीकडे ६० रुपये. ही अदलाबदल २७० च्या बिलात मजेत मावते, पुन्हा पुन्हा मावते. १२ पेनं १ वही, ९ पेनं ३ वह्या, ६ पेनं ५ वह्या, ३ पेनं ७ वह्या : सगळ्यांचं बिल २७०. पहिलं विधान आता चार दारांपाशी उभं आहे आणि कुठलं उघडायचं ते त्याला माहीत नाही. मघाशी नकोसं झालेलं दुसरं विधान इथे पुढे येतं आणि सांगतं, ११ नग. म्हणजे ६ आणि ५. उत्तर क. शब्द तेच, विधानं तीच, दुसऱ्या विधानाचा तर आकडाही तोच, आणि आधीचा आगंतुक आता यजमान झाला. नेहाच्या पेनाची किंमत १७ रुपये अशी विचित्र का, हे मला तेव्हा उमगलं. छंदोबद्ध कवितेत कवीने ‘पाणी’ न म्हणता ‘जल’ का म्हटलं, याचं जे उत्तर असतं, तेच इथे आहे. मात्रा.

ही १७ आणि २९ ची मात्रा तपासायची रीत आपल्या मातीत फार जुनी आहे. आर्यभटाने ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ लिहिलं, त्यात अशा पूर्णांकी उकलींची पद्धत आहे. पुढे तिला ‘कुट्टक’ म्हणू लागले. कुट्टक म्हणजे कुटणारा. मोठ्या संख्येला लहानीने भागायचं, बाकीने लहानीला भागायचं, असं कुटत जायचं. २९ ला १७ ने भागून उरले १२, १७ ला १२ ने भागून ५, मग २, मग १. खलबत्त्यात पार भुकटी झाली. ३० आणि २० कुटून पाहा : १० उरतात आणि पुढचा घाव रिकामा जातो. तो १० चा खडा फुटत नाही, आणि त्याच खड्यामुळे ६०० रुपयांची अदलाबदल ६० रुपयांवर येते.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त अनेक अज्ञातांच्या समीकरणांना ‘अनेकवर्ण’ म्हटलेलं आहे. पहिलं अज्ञात ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढं तेवढं’; पुढची कालक, नीलक, पीतक, लोहितक : काळं, निळं, पिवळं, तांबडं. आमच्या क्ष आणि य पेक्षा हे किती रंगतदार! भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन व्हावं म्हणून तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. माझी भाची ज्या परीक्षेला बसते तिच्यातला हा पाहुणा परदेशी वेशात आला असला, तरी त्याच्या अंगातलं रक्त पाटणच्या लोकांनी ओळखलं असतं.

आणि तरीही इथे सावध राहायला हवं. पूर्णांकाची ही जादू नेहाच्या प्रश्नात चालली, कारण अज्ञात होती ती नगांची संख्या. किंमत अज्ञात असती तर? नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात फळांचं एक गोड उदाहरण आहे : ९ म्हाळुंगं आणि ७ कवठं यांची किंमत १०७, तर ७ म्हाळुंगं आणि ९ कवठं यांची १०१. एकेका फळाची किंमत सांगा. बेरीज केली तर सोळा-सोळा फळांचे २०८, म्हणजे जोडीचे १३. वजाबाकी केली तर दोन म्हाळुंगं दोन कवठांपेक्षा ६ ने महाग, म्हणजे एकाला ३ चा फरक. म्हाळुंग ८, कवठ ५. आकड्यांची ती आरशातली उलटापालट, नऊ-सात आणि सात-नऊ, मला अनुप्रासासारखी वाटते.

याच उदाहरणाला पर्याप्ततेच्या चौकटीत बसवून पाहिलं. किंमत पूर्णांकातच असते असं धरलं तर पहिल्या वाक्याला दोन उत्तरं मिळतात : ८ आणि ५, किंवा १ आणि १४. दुसऱ्या वाक्याला मात्र एकच मिळतं, ८ आणि ५. म्हणजे पर्याय ब! पण किंमत पूर्णांकातच असते असं कुणी सांगितलं? साडेसात रुपयांचं कवठ असू शकतं, साडेसात कवठं घेऊन कुणी घरी जात नाही. तेव्हा इथे योग्य पर्याय क. दोन प्रश्नांतला फरक कागदावर कुठेच लिहिलेला नाही, वस्तूच्या स्वभावात आहे. मोजायच्या वस्तू आणि मापायच्या गोष्टी यांतला हा भेद ज्याला जाणवतो, त्यालाच संहिता खरी वाचता येते. आमच्या शास्त्रात याला व्यंजना म्हणतात. बोललेलं कमी, सुचवलेलं जास्त.

आग्रहाला बळी पडणाऱ्यांचं झालं. आता भुकेलेले असून हात आडवा धरणारे.

आईचे आजचे वय किती? विधान १ : आई मुलीपेक्षा २६ वर्षांनी मोठी आहे. विधान २ : चार वर्षांनंतर आई मुलीपेक्षा २६ वर्षांनी मोठी असेल.

वाचून हसू येतं. पण परीक्षेच्या घाईत, दोन अज्ञातं, दोन विधानं, चला ‘क’, असं म्हणणारे भेटतात. चार वर्षांनी दोघींचीही वयं चारने वाढणार. दुसरं विधान म्हणजे पहिलंच, नुसतं साडी बदलून आलेलं. आलेख काढलात तर दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत पडतात आणि निश्चयक शून्य होतो. उत्तर इ. पुनरुक्तीला माहिती समजणं हा रोग या परीक्षेपुरता नाही. एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत वाचून आपल्याला ‘दोन पुरावे’ मिळाल्यासारखं वाटतं, तेव्हा आपणही ‘क’वरच बोट ठेवलेलं असतं.

पाठ्यपुस्तकात दोन रेषांच्या तीन तऱ्हा असतात : छेदणाऱ्या, एकरूप आणि समांतर. या रचनाप्रकारात तिसरी येत नाही. समांतर रेषा म्हणजे दोन विधानांचं भांडण, आणि नीट बांधलेल्या प्रश्नात विधानं कधी एकमेकांना खोडून काढत नाहीत. दोघंही खरं बोलतात. जगात असं क्वचित होतं, पण जगाशी बरोबरी करावी अशी अपेक्षा आपण सुनीताकडूनही करत नाही.

तिसरी जात सर्वांत हळवी आहे. पाहा :

एक वडापाव, एक कटिंग चहा आणि एक प्लेट भजी यांची मिळून किंमत किती? विधान १ : २ वडापाव, ३ चहा आणि १ प्लेट भजी यांचे १०६ रुपये होतात. विधान २ : ३ वडापाव, ५ चहा आणि १ प्लेट भजी यांचे १५० रुपये होतात.

अज्ञातं तीन, समीकरणं दोन. मोजणीचा नियम म्हणतो, अपुरी, पर्याय इ. पण पहिली ऑर्डर दुप्पट करा : ४ वडापाव, ६ चहा, २ प्लेट भजी, २१२ रुपये. त्यातून दुसरी वजा करा. उरतं काय? १ वडापाव, १ चहा, १ भजी, ६२ रुपये. नेमकं विचारलेलं! पुरे. पर्याय क. आता वडापाव केवढ्याला हे विचारू नका, कारण ते या दोन विधानांतून कधीच कळणार नाही. वडापाव २०, चहा १२, भजी ३० असं असेल, किंवा वडापाव २४, चहा १०, भजी २८ असंही असेल. दोन्ही वेळा दोन्ही बिलं जुळतात आणि बेरीज ६२ च राहते. घटक निसटत राहतात, बेरीज ठाम उभी असते. एखाद्या घरात कोण किती कमावतं, कोण किती झिजतं, हे बाहेरच्याला कळत नाही, पण घर चालतंय हे कळतं, तसं काहीसं. जे विचारलंय तेवढ्यापुरती माहिती पुरेशी आहे का, हा प्रश्न ‘सगळं कळतं का’ या प्रश्नाहून वेगळा आहे, आणि बऱ्याचदा फार दयाळू आहे.

भाषिक वैशिष्ट्यांबद्दल थोडं. या संहितेत शोभेचं विशेषण एकही नाही. त्यामुळे जे साधे शब्द आहेत त्यांच्यावर विलक्षण भार येतो. ‘प्रत्येकी’ काढा, प्रश्न कोसळतो. ‘एकूण बिल’ऐवजी ‘बिल किमान’ लिहा, पहिलं विधान निकामी होतं. आणि ‘काही’? २० आणि ३० रुपयांच्या खेळात ‘शून्य पेनं, ९ वह्या’ हेही २७० च होतात. त्यांना दाराबाहेर ठेवलं ते ‘काही पेने’मधल्या ‘काही’ने. मी तर पुढे जाऊन म्हणेन, ‘काही वह्या’ या अनेकवचनात एक वही बसत नाही, तेव्हा ‘१२ पेनं, १ वही’ हेही बाद. भाची म्हणते, परीक्षेत इतकं ताणायचं नसतं. ठीक. तीन दारं उरली काय किंवा चार, ‘एक’ तर होत नाही ना! पण मराठीच्या पेपरात ‘काही’ला कोणी विचारत नाही आणि गणिताच्या पेपरात त्याच्यावर निकाल फिरू शकतो, हे पाहून माझ्यातल्या शिक्षिकेला किंचित असूया वाटली.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पूर्ण होत नाही. या प्रकाराचा दोष त्याच्या चौकटीतच आहे. विधानं कोणीतरी आधीच निवडून, धुऊन, दोनच करून दिलेली असतात. आयुष्यात मुख्य कष्ट विधानं मिळवण्यातच जातात, आणि मिळालेलं खरं की खोटं ते पारखण्यात. शिवाय घड्याळ लावून सोडवलं की मुलं वाचन सोडतात आणि मोजणीचा नियम घोकतात : जितकी चलं तितकी समीकरणं. घोकलेलं रसग्रहण मी ओळखते. ‘या कवितेतून कवीने निसर्गाचे मनोहारी वर्णन केले आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय, की कवितेत निसर्ग नसला तरी ते येतं. मोजणीचा नियम हे गणितातलं तसलं वाक्य.

त्या संध्याकाळी भाची पुढच्या प्रश्नाकडे वळली. मी मात्र जुन्या सवयीने नेहाच्या समीकरणांपाशी घुटमळत होते. कोपऱ्यात पेन्सिलने मांडलेलं अर्धवट होतं, दोन ओळींत आकडा आला असता. भाचीने वर न पाहता माझ्या हातावर हात ठेवला. पंगतीत ठेवतात तसा, आडवा.

नेहाने किती पेनं घेतली ते मी या लेखात कुठेच लिहिलेलं नाही. नऊ फेऱ्या करून ज्याला ते काढायचं असेल त्याने जरूर काढावं. आम्हां दोघींना ते कळेल एवढं कळलं होतं.